मोहोरबंद लग्न

पाटोळे आजोबा आणि आजी लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा फोटो काढून घ्यायला तासगावातल्या कुंदा मगदूमच्या स्टुडिओत आले होते. आजोबांनी नवा फेटा बांधला होता, आजी ठेवणीतलं इरकल नेसल्या होत्या. कुंदानं दोघांना शेजारी बसवलं, दिवे सारखे केले आणि कळ दाबली. पैसे आधीच भरलेले असल्यामुळे फोटो लगेच उघडला. त्याच्याखाली दोन शेरे उमटले. आजींच्या चेहऱ्याखाली 'खरं', आजोबांच्या चेहऱ्याखाली 'अभिनय'.

"बघा!" आजी म्हणाल्या. "इतकी वर्षं मी ओरडून सांगतेय, तर कुणाला पटत नव्हतं."

"अगं, कंबर दुखतेय माझी. दुखत असताना हसा म्हटल्यावर दुसरं काय येणार?"

कुंदानं आजोबांना विचारलं, घरात भांडण झाल्यावर आधी कोण बोलतं? आजोबा खो खो हसले, आजींनी त्यांना कोपरानं ढोसलं, आणि कुंदानं तो क्षण पकडला. या वेळी दोन्हीकडं 'खरं' आलं. म्हातारा-म्हातारी भांडतच पायऱ्या उतरून गेली.

याला म्हणायचं साक्षी कॅमेरा. त्याच्या आधीची ती तीन-चार वर्षं आठवली तरी अंगावर काटा येतो. कुणीही उठावं आणि घरबसल्या वाटेल तो फोटो, वाटेल ते चित्रण तयार करावं. मेलेला माणूस मृत्युपत्र वाचून दाखवताना दिसायचा. जिवंत माणसानं कधी न विकलेली जमीन तो हसत हसत विकताना दिसायचा. शेवटी सरकारनं कायदा केला की कचेरीत चालेल ते फक्त साक्षी कॅमेऱ्याचं मोहोरबंद चित्रण. मोहोर म्हणजे कॅमेऱ्यानं त्याच क्षणी चित्रणावर मारलेला अदृश्य शिक्का. मग त्यातला एक ठिपकाही बदलता येत नाही. माणसांच्या साक्षीही बंद झाल्या, कारण कचेरीबाहेर चहाच्या गाड्यावर हवे तितके साक्षीदार भाड्यानं मिळत होते.

पण लोक काय कमी वस्ताद? त्यांनी खऱ्या कॅमेऱ्यापुढं खोटी लग्नं लावायला सुरुवात केली. म्हणून पुढच्या कॅमेऱ्यात शेरा आला. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकून हा कॅमेरा कातडीखालची रक्ताची लय बघतो, श्वास बघतो, बुबुळं बघतो. माणसाच्या मनात काय आहे ते त्याला कळत नाही. समोरची गोष्ट करायची म्हणून केली की दाखवायची म्हणून केली, एवढंच कळतं. आणि तेवढंच कचेरीला पुरतं.

कुंदा दिवे बंद करत होती तेवढ्यात इस्माईल पटवेगार आत आला. इस्माईल म्हणजे तिचा अर्ध्या वाट्याचा भागीदार. दुसरा साधा, बिनमोहोरेचा कॅमेरा, ड्रोन, दिवे, सगळं तो बघायचा.

"नाही देत म्हणाले," तो स्टुलावर बसत म्हणाला. "दारातनंच परत पाठवलं. ताई, तुम्हीच जा आता. माझ्याच्यानं नाही होत. दुखवट्याच्या घरात पैसे मागायचे म्हणजे जीभ जड होते."

दौलतराव निकमांच्या धाकट्या मुलाचं, धैर्यशीलचं लग्न या दोघांनी टिपलं होतं. आजवरचं सगळ्यात मोठं काम. निकमांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, चारशे पानं उठली. लग्नाचा सगळा खर्च आमच्याकडं असं निकमांनी मोठेपणानं सांगितल्यामुळे करारावर सही त्यांची होती. विसार म्हणून थोडे पैसे दिले, बाकीचे फोटो मिळाल्यावर. आणि लग्नानंतर आठवड्याच्या आतच धैर्यशील मोटरसायकलवरून येताना कवठ्याच्या फाट्यावर ट्रकखाली गेला. लग्नाची नोंद व्हायची होती, ती राहूनच गेली.

कराराची रीत सगळ्या कामांना एकच होती. ज्यानं काम सांगितलं त्यानंच यंत्रावरून पैसे भरायचे, त्याची पोच निघाली की मोहोर उघडते. दुसऱ्या कुणी भरून चालत नाही, नाहीतर परक्यांचे फोटो विकत घेऊन लोक खंडणी मागतील. मुदतीत पैसे आले नाहीत तर चित्रण आपोआप पुसलं जातं, कारण कुणाचेही चेहरे उगाच साठवून ठेवायला कायद्यानं बंदी आहे. आणि मोहोर उघडेपर्यंत आत काय आहे ते खुद्द काढणाऱ्यालाही दिसत नाही.

निकमांच्या कामाची मुदत आज संध्याकाळी संपत होती. कॅमेरा भाड्याचा होता. त्याचे दोन हप्ते थकले होते आणि तिसरा थकला की कंपनी तिकडं दूर बसून कॅमेरा बंद करणार होती. इस्माईलनं घरभाडं दिलेलं नव्हतं, कुंदानं मुलीच्या नर्सिंगची फी भरलेली नव्हती. नाकातोंडात पाणी जायची वेळ आली होती.

"जाते," कुंदा म्हणाली आणि तिनं पायांत चपला सरकवल्या.

कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात बेदाण्याचा गोड, आंबूस वास कोंदला होता. दौलतराव एकटेच बसले होते. डोक्यावर नुकतेच पांढरे खुंट फुटू लागले होते. एवढा दांडगा माणूस, पण खुर्चीत निम्मा झाल्यासारखा वाटत होता.

"बसा कुंदाताई. चहा सांगू?"

"नको आण्णा." कुंदा खुर्चीच्या कडेला टेकली. "आण्णा, या वेळी यायला नको होतं. तोंडातनं शब्द फुटत नाही माझ्या. पण आज मुदत संपतेय, आणि आमचं सगळंच अडलंय हो..."

"ज्याचे फोटो, तोच राहिला नाही." दौलतराव खिडकीकडं बघत बोलत होते. "मी ते उघडून काय करू? पोटच्या पोराला हसताना बघू? सांगा तुम्हीच."

कुंदाला रडू आलं. शरमही वाटली. बरोबरच आहे की बिचाऱ्याचं, असं वाटून ती उठायला लागली, तेवढ्यात त्यांनी खण उघडून एक जाड पाकीट टेबलावर ठेवलं.

"पण तुमच्या पोटावर मी पाय देणार नाही. घ्या. ठरले होते त्यापेक्षा जास्तच आहेत."

कुंदाच्या जिवात जीव आला. "देव तुमचं भलं करो आण्णा! मग यंत्रावरनंच भरा की. पोच निघेल, मोहोर पण उघडेल, तुम्ही नका बघू, पण निदान..."

"पोच नको."

"अं?"

"पोच नको, मोहोर पण उघडायला नको. संध्याकाळी ते आपसूक जातंय ना? जाऊ द्या."

कुंदाला एक क्षण काही उमगेना. मग उमगलं, आणि ती परत खाली बसली. "आण्णा, आणि तुमची सून, रेवती? नोंदणीला तिच्याकडं दुसरं काहीच नाही हो."

"लग्न झालं कुठं तिचं?" दौलतरावांचा आवाज जराही चढला नाही. "साखरपुडा झाला होता. पुढचं व्हायच्या आधी आमचा पोरगा गेला."

"काय बोलताय आण्णा! मी स्वतः उभी होते तिथं. चारशे माणसं जेवून गेली!"

"बोलवा त्यांना. कचेरीत माणसाची साक्ष चालते का विचारून या आधी." ते पुढं झुकले. डोळे लाल झाले होते. "घरात पाऊल टाकलं आणि आठवड्यात माझं पोर खाल्लं तिनं. आणि आता या स्टोरेजमधला हिस्सा पण तिला देऊ? माझ्या थोरल्याच्या लेकरांच्या ताटातला? मी जिवंत आहे तोवर नाही. पाकीट उचला आणि घरी जा."

कुंदानं पाकीट उचललं. खोटं कशाला सांगायचं, उचललं तिनं. डोळ्यांपुढं हप्ता होता, फी होती, इस्माईलचं उतरलेलं तोंड होतं. पिशवीत पाकीट टाकून ती बाहेर आली तेव्हा ऊन लागूनही तिला थंडी वाजत होती.

स्टुडिओत पाय ठेवला तर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत रेवती बसलेली. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, कपाळ मोकळं, बोटाला लग्नातल्या मेंदीचा पुसट तांबूस डाग अजून होता. वडील तिचे एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. त्यांना ती घरीच ठेवून आली होती, कारण निकमांचं नाव निघालं की त्यांचं ब्लडप्रेशर चढायचं.

"दिले का हो ताई त्यांनी?" तिनं उभं राहून विचारलं.

कुंदानं मान हलवली. ती मान कशीही हलली असती तरी चाललं असतं, तिचं तिलाच कळत नव्हतं आपण हो म्हणतोय की नाही. इस्माईलनं पिशवीतून डोकावणारं पाकीट बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"मिळाले की! अल्ला! पोच कुठाय?"

"पोच नाही," कुंदा म्हणाली. "पोच निघाली नाही तरच हे."

इस्माईल हळूहळू खाली बसला. रेवतीला सगळं समजलं होतं. ती रडली नाही, उलट तिचा आवाज चढला.

"म्हणजे तुम्हाला गप्प बसायचे पैसे दिले. छान! आणि मी काय करू? ताई, मला हाक काय मारायची हेच लोकांना कळेना झालंय. कुंकू लावलं तर विचारतात, लग्न कुठं झालंय तुझं? नाही लावलं तर विचारतात, का गं, कुणासाठी पुसलंस? विधवा पण नाही, कुमारी पण नाही, मी आहे तरी कोण? लोक म्हणतात पैशासाठी करतेय. करतेय पैशासाठी! माझ्या बापानं आयुष्यभर तिकिटं फाडून केलेलं सोनं त्यांच्या कपाटात आहे. ते पण पाहिजे आणि माझा हिस्सा पण पाहिजे. आणि मी धैर्यशीलची बायको होते, हे लिहून पाहिजे."

"रेवती, एक वाट आहे," कुंदा म्हणाली. ती वाट तिला ऑफिसातून निघाल्यापासून माहीत होती.

ती वाट म्हणजे हक्कसोड. कामाचे पैसे आम्ही कायमचे सोडले असं दोन्ही भागीदारांनी अंगठे लावून यंत्राला सांगितलं की पैसे न येताही मोहोर उघडते. मात्र त्यानंतर त्या कामाचा एक रुपयाही कुणाकडून घेता येत नाही, आणि कॅमेऱ्याच्या कंपनीचा वाटा आपल्या खिशातून भरावा लागतो. तो भरायला कुंदाकडं खिसाच उरलेला नव्हता. म्हणजे पाकीट परत, कॅमेरा बंद, आणि स्टुडिओच्या शटरला कुलूप.

"ताई, जरा इकडं या," इस्माईल म्हणाला आणि तिला दिव्यांच्या स्टँडमागं घेऊन गेला. "सप्तपदीचं विसरलात काय?"

कुंदानं डोळे मिटले. विसरली नव्हती.

लग्नात फोटोवाल्यांचंच राज्य असतं. गुरुजी थांबा, हार परत घाला, अक्षता परत टाका, नवरी इकडं बघा. सगळे निमूट ऐकतात, आणि अशी पिढ्यान् पिढ्यांची सवय साक्षी कॅमेरा आला म्हणून थोडीच जाते? निकमांच्या मांडवात सप्तपदी चालू असताना नवऱ्या मुलाचे मामा हातात फोन धरून बरोबर कॅमेऱ्यापुढं आले. त्यांच्या पाठीमागं नवरा-नवरी सात पावलं चालून गेली. कुंदा तेव्हा सवयीनं ओरडली होती, "गुरुजी, परत एकदा घ्या! मामा, बाजूला व्हा की हो!" गुरुजी कुरकुरले, पण सात पावलं परत झाली. कचेरीच्या नियमात सप्तपदी अखंड दिसायला हवी आणि दोघांच्याही नावापुढं 'खरं' असायला हवं. पहिली दिसलेली नव्हती आणि दुसरी फोटोसाठी केलेली.

"उघडलं आणि आत 'अभिनय' निघालं तर?" इस्माईल कुजबुजला. "आपण पण बुडालो आणि ती पण. त्यापेक्षा पाकीट ठेवू, तिला त्यातले थोडे देऊ. मी वाईट माणूस नाही ताई, पण माझ्या घरात चार तोंडं आहेत."

"तू वाईट नाहीस रे," कुंदा म्हणाली. तिला त्याचा रागही आला नाही. तोच विचार वाटेत तिनंही दहा वेळा केला होता.

ती बाहेर आली आणि तिनं रेवतीला सगळं सांगितलं. मामांचं, परत घेतलेल्या सप्तपदीचं, स्वतःच्या ओरडण्याचं. लपवलं काहीच नाही. "कदाचित काहीच हाती लागणार नाही पोरी. माझ्याच तोंडामुळं."

बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून हुज्जत घालत होतं. भिंतीवरच्या यंत्रात निकमांच्या नावाची पट्टी पिवळ्याची तांबडी झाली. मुदत संपत आली होती.

"दुसऱ्या वेळचं मला आठवतंय," रेवती म्हणाली. "उघडा ताई. तुम्हाला परवडत असेल तर उघडा. नसेल तर मी शिव्या देणार नाही. पण माझ्यादेखत पुसू नका, मी आधी जाते."

हे ऐकल्यावर कुंदाला दुसरं काही करता येणं शक्यच नव्हतं. तिनं पिशवीतलं पाकीट काढून टेबलावर आपटलं. "इस्माईल, हे आण्णांना नेऊन दे. आत्ता नाही, आधी अंगठा लाव."

"उद्यापासून खायचं काय? दिवे?"

"मला माहीत नाही. लाव रे बाबा. नाही लावलास तरी मी तुला काही म्हणणार नाही, पण लाव."

इस्माईलनं एक सणसणीत शिवी हासडली. ती नेमकी कुणाला होती ते त्यालाच ठाऊक, पण अंगठा त्यानंच आधी लावला. मग कुंदानं लावला. तांबडी पट्टी विझली आणि मोहोर उघडली.

पडद्यावर मांडव आला. आधी मामांची पाठ, त्यांच्या कोटावरची शिवण, त्यापलीकडं नुसता सनईचा आवाज. खाली अक्षरं आली: 'दृश्य अपुरे. शेरा नाही.' मग कुंदाचा स्वतःचा आवाज स्टुडिओत घुमला, "गुरुजी, परत एकदा घ्या!" तिला कानांवर हात ठेवावेसे वाटले. मामा बाजूला झाले आणि धैर्यशील दिसला. जिवंत, घामेजलेला, मुंडावळ्या एका बाजूला सरकलेल्या. रेवतीच्या तोंडून बारीक आवाज आला.

"धैर्यशील, हसा जरा!" पडद्यातली कुंदा म्हणत होती. "इकडं बघत चला, माझ्याकडं!"

आणि तो हसला. कॅमेऱ्याकडं बघत, छाती काढून, सिनेमातल्या नायकासारखा सात पावलं चालला. पाचव्या पावलाला त्यानं मित्रांकडं बघून भुवई उडवली. त्याच्या शेजारी रेवती खाली मान घालून चालत होती. तिचे ओठ हलत होते.

पावलं संपली. शेरा यायला थोडा वेळ लागला. इस्माईल मनातल्या मनात दुवा मागत होता, आणि कुंदा सगळ्या देवांना एकदमच हाका मारत होती.

'वधू: खरं. वर: अभिनय. विधी नोंदणीस अपात्र.'

"हरामखोर यंत्र!" इस्माईल ओरडला. "दिसत नाही का रे तुला? तिच्याकडं बघ की!"

कुंदा रेवतीकडं वळली. "रेवती, तो खोटा नव्हता गं. मी बघ म्हणाले म्हणून तो इकडं बघत होता. मी म्हणाले म्हणून हसला. पहिल्या वेळी तो अगदी मनापासून..." ती मधेच थांबली. पहिल्या वेळी तिलाही मामांच्या पाठीशिवाय काही दिसलेलं नव्हतं. "आपण अपील करू. मी कचेरीत जाऊन बसते, त्यांना सांगते माझी चूक झाली. वकील बघू. मी सोडणार नाही तुला."

यंत्रावर कॅमेऱ्याच्या कंपनीची नोटीस येऊन पडली होती. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

रेवतीनं हात पुढं करून चित्रण मागं नेलं. सातवं पाऊल परत बघितलं, मग आणखी एकदा. पडद्यात धैर्यशील कुंदाकडं बघून हसत होता, तिच्याकडं नाही.

"पहिल्या वेळी साडी पायात येत होती," ती हळू आवाजात बोलायला लागली. "पडेन की काय म्हणून सगळं लक्ष खाली. गुरुजी काय म्हणाले ते ऐकूच आलं नाही. म्हणून तुम्ही परत घ्या म्हणालात ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं! म्हटलं, आता नीट करू. प्रत्येक पावलाला मी मनात त्याचं नाव घेतलं. सगळी वचनं मी त्याच वेळी दिली ताई, आधी नाही."

ती वळली. डोळे कोरडे होते आणि त्यांत अशी भीती होती की कुंदाला तिच्याकडं बघवेना.

"मग माझं एकटीचंच लग्न झालं का हो ताई?"